स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन कशाच्या आधारावर उभं असतं?

सप्टेंबर १९९८मध्ये अमेरिकेत ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि स्तनाच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकाराचं चित्र पालटलं. ज्या गाठींच्या पेशींवर हर-टू हे प्रथिन प्रमाणाबाहेर असतं, त्यांच्यावर हे औषध चालतं. ही हकिगत सांगताना या औषधामागच्या संशोधनात पुढे असलेल्या डॉ. डेनिस स्लॅमन यांचं नाव घेतलं जातं आणि ते घ्यायलाच हवं. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला १९८७ सालचा शोधनिबंध काढून लेखकांची नावं वाचली, तर त्यात विल्यम मॅग्वायर आणि गॅरी क्लार्क हे दोघंही दिसतात. दोघंही टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे. मॅग्वायर यांच्या प्रयोगशाळेत स्तनाच्या गाठींचे नमुने हॉर्मोन रिसेप्टरच्या, म्हणजे गाठ इस्ट्रोजनसारख्या हॉर्मोनवर वाढते का याच्या, तपासणीसाठी यायचे. त्या काळी ही तपासणी गोठवलेल्या नमुन्यावर करावी लागे. तपासणी होऊन उरलेला भाग तिथे फेकून दिला जात नसे, तो गोठवलेलाच जपून ठेवत. आणि गॅरी क्लार्क होते संख्याशास्त्रज्ञ.

स्लॅमन यांच्याकडे प्रश्न होता : हर-टू जीनच्या प्रती काही गाठींमध्ये वाढलेल्या असतात का, आणि असल्या तर त्याने रुग्णाला काही फरक पडतो का? पहिल्या भागाचं उत्तर कुठल्याही ताज्या गाठींवर मिळालं असतं. दुसऱ्या भागासाठी मात्र अशा गाठी हव्या होत्या, ज्यांच्या मालकिणींचं पुढे काय झालं हे माहीत आहे. ताज्या गाठी गोळा करायला घेतल्या असत्या, तर उत्तरासाठी आणखी कित्येक वर्षं थांबावं लागलं असतं. सॅन अँटोनियोच्या फ्रीजरमध्ये ती वर्षं आधीच उलटून गेलेली होती. एकूण १८९ गाठी तपासल्या, त्यातल्या सुमारे ३० टक्के गाठींमध्ये हर-टूच्या प्रती वाढलेल्या निघाल्या. यातल्या ८६ स्त्रियांचा आजार काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला होता आणि त्यांच्या पुढच्या काळाच्या नोंदी हाताशी होत्या. त्यांच्यात हर-टू वाढलेल्यांचा आजार लवकर उलटलेला दिसला, त्यांचं आयुष्यही कमी राहिलं. (हर-टू वाढलेल्या गाठींचं प्रमाण आज साधारण १५ ते २० टक्के धरतात.)

म्हणजे एक फ्रीजर, नीट ठेवलेल्या नोंदी आणि आकड्यांचा अर्थ लावणारा माणूस हे तिन्ही त्या शोधाचे बरोबरीचे भागीदार होते. या लेखात मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

प्रयोगशाळेत कळलेली गोष्ट रुग्णाच्या उपचारापर्यंत नेणं, आणि उपचार करताना डॉक्टरांना दिसलेलं कोडं पुन्हा प्रयोगशाळेत आणून त्याचं कारण शोधणं, या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या कामाला ट्रान्सलेशनल संशोधन म्हणतात. यात एक वैज्ञानिक, एक सूक्ष्मदर्शक आणि एक कल्पना एवढ्यावर भागत नाही. माणसाच्या गाठीचे नमुने लागतात, ते वाचणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो, डीएनए आणि आरएनए वाचायची यंत्रं लागतात, पेशी आणि उंदीर लागतात, संख्याशास्त्र लागतं, आणि या सगळ्याचा मेळ घालणारी माहितीची व्यवस्था लागते. प्रत्येक प्रयोगशाळेने हे सगळं स्वतःपुरतं उभं करायचं म्हटलं तर पैसा पुरणार नाही, हे उघड आहे. म्हणून मोठ्या कर्करोग केंद्रांमध्ये या गोष्टी सामायिक ठेवतात. त्यांना शेअर्ड रिसोर्स किंवा कोअर फॅसिलिटी म्हणतात, बोलताना नुसतंच ‘कोअर’. कुठल्याही गटाने यावं, काम सांगावं, ठरलेलं शुल्क भरावं आणि निकाल न्यावा.

पण पैसे वाचतात हे यातलं सगळ्यात छोटं कारण आहे. मोठं कारण असं, की दहा प्रयोगशाळांनी दहा तऱ्हांनी जपलेले नमुने एकमेकांशी ताडून पाहताच येत नाहीत. एकाच हाताने, एकाच नियमाने ठेवलेले नमुने असले, तरच आजच्या प्रश्नाचं उत्तर वीस वर्षांपूर्वीच्या गाठीत शोधता येतं.

शस्त्रक्रियेनंतरचा पहिला तास

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वेळ द्यावासा वाटतो तो ऊतीसंग्रहाला, म्हणजे बायोबँकेला. कारण इथे झालेली चूक पुढे कुठल्याही महागड्या यंत्राने दुरुस्त होत नाही.

शस्त्रक्रियेत गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, त्या क्षणी घड्याळ सुरू होतं. पेशी अजून जिवंत असतात, पण प्राणवायू बंद झालेला असतो. त्या ताणाखाली येतात, काही जीन चालू होतात, काही बंद पडतात. पेशीतले संदेश वाहणारी प्रथिनं फॉस्फेटच्या खुणा लावून काम करतात, त्या खुणा मिनिटांच्या हिशेबात पुसल्या जायला लागतात. जीनांचा निरोप वाहणारा आरएनए तुटू लागतो. गाठ शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात पडेपर्यंतच्या वेळेला कोल्ड इस्कीमिया म्हणतात. स्तनाच्या गाठींसाठी ही वेळ एक तासाच्या आत असावी आणि त्यानंतर गाठ ६ ते ७२ तास फॉर्मॅलिनमध्ये राहावी, अशी अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांची संयुक्त शिफारस आहे. सहा तासांपेक्षा कमी वेळ ठेवली तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचून आपलं काम पुरं करत नाही. अति ठेवली तर प्रथिनं इतकी घट्ट जखडतात की तपासणीचा रंग त्यांना धरत नाही.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहा. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी बायोबँकेचा तंत्रज्ञ थांबलेला असतो. गाठ हातात आली की तो वेळ लिहून घेतो. गाठ त्याच्या हाती आली, तरी ती कापायचा अधिकार त्याचा नाही. ती आधी पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तो गाठीच्या कडांना रंगीत शाई लावतो, म्हणजे कर्करोग कडेपर्यंत पोचला होता का हे पुढे स्लाइडवर कळतं. मग ती उभी कापून तो आतला भाग बघतो, आणि निदानाला पुरेसा भाग बाजूला काढल्यावर उरलेल्यातला, वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान तुकडा संशोधनासाठी देतो. गाठच लहान असेल तर काहीही देत नाही. रुग्णाचं निदान आधी, संशोधन नंतर, हा नियम कुठल्याही चांगल्या संग्रहात मोडत नाही. मिळालेल्या तुकड्याचा काही भाग द्रवरूप नायट्रोजनच्या मदतीने झटकन गोठवला जातो, काही फॉर्मॅलिनमध्ये जातो, आणि सोबत थोडं रक्तही घेतात. ते कशाला, तर त्या व्यक्तीचा जन्मजात डीएनए काय होता हे कळल्याशिवाय गाठीत नवं काय बदललं ते सांगता येत नाही.

यानंतरची पायरी बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. गोठवलेल्या तुकड्याचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कारण ‘गाठीचा तुकडा’ म्हणून घेतलेल्या भागात कर्करोगाच्या पेशी किती आहेत याची खात्री नसते. स्तनात चरबी असते, तंतू असतात, साध्या दुधाच्या नलिका असतात, रोगप्रतिकारक पेशी गोळा झालेल्या असतात. तुकड्याचा तीनचतुर्थांश भाग असाच असेल, तर त्याचा आरएनए वाचून मिळणारं उत्तर मुख्यतः चरबीबद्दलचं असेल. असा तुकडा बाद करायचा की त्यातला कर्करोगाचा भाग खरवडून वेगळा काढायचा, हे पॅथॉलॉजिस्टची नजर ठरवते.

नमुना कसा हाताळला जातो आणि तपासणी किती काटेकोर आहे, याचा रुग्णाशी किती थेट संबंध असतो हे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये फार दुःखद रीतीने समोर आलं. तिथे १९९७ ते २००५ या काळात झालेल्या हॉर्मोन रिसेप्टर तपासण्यांमध्ये शेकडो रुग्णांचे निकाल चुकीचे निघाले. गाठ इस्ट्रोजनवर वाढणारी आहे असं कळलं, तर टॅमॉक्सिफेनसारखं औषध देता येतं. निकाल चुकून ‘निगेटिव्ह’ आला, तर ते औषध दिलंच जात नाही. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९मध्ये अहवाल दिला, त्यात दर्जा तपासण्याच्या व्यवस्थेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं. ही रुग्णालयातली नेहमीची तपासणी होती, संशोधन नव्हतं. पण धडा दोन्हीकडे तोच लागू आहे, आणि म्हणूनच चांगल्या पॅथॉलॉजी कोअरमध्ये प्रत्येक फेरीत आधीच उत्तर माहीत असलेल्या गाठींचे कापही सोबत तपासले जातात. ते चुकले, तर ती सगळी फेरी रद्द.

जुन्या ब्लॉकमधून आलेलं उत्तर

फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केलेली ऊती मेणासारख्या पॅराफिनमध्ये ओततात, त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉक साध्या तापमानाला कपाटात वर्षानुवर्षं राहू शकतो. गोठवलेल्या नमुन्याला उणे ८० अंशांचा फ्रीजर किंवा त्याहून थंड नायट्रोजनची टाकी लागते, वीज लागते, धोक्याची घंटा लागते, आणि रात्री ती घंटा वाजली तर उठून येणारा माणूस लागतो. त्यामुळे जगात ब्लॉक पुष्कळ आहेत, गोठवलेले नमुने थोडे. अडचण एवढीच, की फॉर्मॅलिनमुळे आरएनएचे बारीक तुकडे होतात, आणि बराच काळ असं समजलं जायचं की ब्लॉकमधून जीनांच्या हालचालीबद्दल भरवशाचं काही कळणार नाही.

हा समज दूर झाला, त्याचा फायदा आज कित्येक स्त्रियांना होतो आहे. अमेरिकेत १९८२ ते १९८८ दरम्यान बी-१४ नावाच्या चाचणीत स्त्रियांची नोंदणी झाली होती. टॅमॉक्सिफेनचा उपयोग होतो का, एवढाच तिचा प्रश्न होता. तो सुटला, पण ब्लॉक जपलेले राहिले. पुढे तुटक्या आरएनएवरही चालेल अशी पद्धत तयार झाल्यावर, या चाचणीत टॅमॉक्सिफेन घेतलेल्या ६६८ रुग्णांच्या ब्लॉकवर २१ जीनांच्या हालचालीवरून काढलेला एक अंक पडताळून पाहिला गेला. अंक कमी तर आजार उलटण्याची शक्यता कमी, असं त्यातून दिसलं. हा निबंध २००४ साली आला. त्या अंकाच्या आधारे केमोथेरपी टाळता येईल का, हे पाहायला दहा हजारांहून अधिक स्त्रियांची टेलरएक्स ही चाचणी झाली आणि २०१८मध्ये तिचं उत्तर आलं. आजार लसिकाग्रंथींपर्यंत न पोचलेल्या, हॉर्मोन रिसेप्टर असलेल्या आणि हर-टू नसलेल्या गाठींमध्ये, मधला अंक आलेल्या बहुतेक स्त्रियांना केमोथेरपीचा जास्तीचा फायदा होत नाही, नुसते हॉर्मोनविरोधी उपचार पुरतात. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना, अंक मधल्या टप्प्याच्या वरच्या बाजूला असेल तर, थोडा फायदा दिसला.

बी-१४चे ब्लॉक जपताना कोणाच्याही डोक्यात २१ जीन नव्हते. संग्रह चालवणाऱ्यांच्या बाजूने बोलायचं, तर मी हेच उदाहरण पहिलं देईन. पुढे कोणता प्रश्न विचारला जाईल हे ठाऊक नसताना नमुना नीट ठेवायचा, हेच त्यांचं काम.

ब्लॉकचा आणखी एक उपयोग १९९८मध्ये समोर आला. टिश्यू मायक्रोॲरे नावाच्या पद्धतीत प्रत्येक ब्लॉकमधून ०.६ मिलिमीटर व्यासाची दंडगोल काडी पोकळ सुईने काढतात आणि एका नव्या कोऱ्या ब्लॉकमध्ये नेमक्या जागी रोवतात. ओळीने रोवत गेलं की एकाच ब्लॉकमध्ये शेकडो रुग्णांच्या गाठी मावतात. त्याचा एक काप काढला, एकदाच रंग दिला, की सगळ्या गाठी एकाच परिस्थितीत तपासून होतात. मूळ ब्लॉकही जवळजवळ अख्खा शिल्लक राहतो. सुई कुठे टोचायची हे मात्र पुन्हा पॅथॉलॉजिस्टच स्लाइडवर खूण करून सांगतो. आणि एकाच गाठीचे वेगवेगळे भाग वेगळे वागू शकतात, म्हणून प्रत्येक गाठीतून दोन-तीन काड्या घेतात.

डोळ्यांनी वाचण्याचं कौशल्य जुनं झालं, असं कोणाला वाटत असेल तर हर-टूकडे पुन्हा बघावं. ही तपासणी शून्य, एक, दोन, तीन अशा पायऱ्यांत वाचतात. तीन म्हणजे पॉझिटिव्ह, दोन आलं तर जीनच्या प्रती मोजायची वेगळी तपासणी. शून्य आणि एक या दोन्हींना बरीच वर्षं सरसकट निगेटिव्हच धरलं जात असे. २०२२मध्ये ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हे औषध हर-टू थोडंसंच असलेल्या, पसरलेल्या आजारातही उपयोगी ठरलं आणि शून्य की एक, हा फरक एकाएकी उपचार ठरवणारा झाला. जुन्या स्लाइड्स बाहेर काढून पुन्हा वाचल्या गेल्या.

निरोगी स्तनाची ऊती मिळणं तर गाठीचा नमुना मिळण्याहून अवघड. गाठीच्या शेजारची ऊती साधी दिसते, पण तिच्यात बदल सुरू झालेले असू शकतात. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात २००७मध्ये सुरू झालेल्या कोमेन टिश्यू बँकेत कुठलाही आजार नसलेल्या स्त्रिया स्वतःहून येऊन, सुईने काढलेली ऊती देतात. तुलनेसाठी खरोखर निरोगी काही हाताशी असावं, यासाठी वेदना सोसायला तयार झालेल्या त्या स्त्रियांचं मला मनापासून कौतुक वाटतं. दुसऱ्या टोकाला, हाडांत, यकृतात, मेंदूत पसरलेल्या आजाराचे नमुने फार कमी आहेत, कारण तिथून पुन्हा तुकडा काढणं रुग्णाला त्रासाचं असतं. स्त्रिया दगावतात त्या मुख्यतः याच पसरलेल्या आजाराने, आणि संग्रहात कमी आहेत ते याचेच नमुने. ही उणीव भरून काढायला अजून पुष्कळ काम लागेल.

पेशी, उंदीर आणि ओळखपत्र

माणसावर प्रयोग करण्याआधी औषध कशावर तरी तपासायला लागतं. त्यासाठी प्रयोगशाळेत सतत वाढणाऱ्या पेशींचे वंश वापरतात. एमसीएफ-७ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, १९७०मध्ये मिशिगनमधल्या एका जोगिणीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळालेल्या पेशींचा. इस्ट्रोजनवर वाढणाऱ्या कर्करोगाबद्दल आपल्याला जे कळलं, त्याचा फार मोठा हिस्सा या पेशींकडून आला आहे.

आणि एक उदाहरण उलटं. एमडीए-एमबी-४३५ या नावाच्या पेशी १९७०च्या दशकापासून स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरात होत्या. आजार कसा पसरतो हे अभ्यासायला त्या खूप सोयीच्या, कारण उंदरात त्या चांगल्या पसरत. २०००मध्ये त्यांच्या जीनांचा आराखडा पाहिला, तर तो त्वचेच्या मेलॅनोमाशी जुळला. पुढे डीएनएच्या तपासणीतून ठरलं, की त्या एम-१४ या मेलॅनोमाच्या वंशाशी एकरूप आहेत. तोवर त्यांच्यावर स्तनाचा कर्करोग समजून कितीतरी निबंध लिहून झाले होते. म्हणून सामायिक पेशीकोअरचं पहिलं काम असतं प्रत्येक वंशाचं डीएनए ओळखपत्र ठराविक काळाने तपासणं, आणि मायकोप्लाझ्मा या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूची लागण तर नाही ना हे पाहणं. कंटाळवाणं काम आहे. ते केलं नाही की वर्षांची मेहनत दुसऱ्याच आजारावर खर्ची पडते.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. रुग्णाच्या गाठीचा तुकडा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात रुजवला, तर गाठ बऱ्याच अंशी मूळच्यासारखी वाढते. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हॉर्मोन रिसेप्टर आणि जास्तीचं हर-टू यांतलं काहीच नसलेल्या गाठी तुलनेने सहज रुजतात, इस्ट्रोजनवर वाढणाऱ्या फार कमी. त्यामुळे अशा संग्रहात आक्रमक गाठींची संख्या जास्त असते, आणि निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही. शिवाय या उंदरांना प्रतिकारशक्तीच नसल्याने इम्युनोथेरपी त्यांच्यावर सरळ तपासता येत नाही. अलीकडे गाठीच्या पेशी जेलमध्ये त्रिमितीत वाढवून ‘ऑर्गनॉइड’ तयार करतात. २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने स्तनाच्या कर्करोगाच्या शंभराहून जास्त ऑर्गनॉइडचा जिवंत संग्रह केल्याचं प्रसिद्ध केलं.

आकड्यांचा माणूस आधी बोलवा

जीन वाचणारी यंत्रं आज इतकी वेगवान आहेत की माहिती मिळवणं ही अडचण राहिलेली नाही. अडचण आहे ती त्या माहितीवर किती विश्वास ठेवायचा ही. माणसाला सुमारे वीस हजार प्रथिनं बनवणारे जीन आहेत. प्रत्येकाला ‘आजार उलटलेल्या आणि न उलटलेल्या गाठींत तुझ्यात फरक आहे का’ असं विचारलं आणि योगायोगाची मर्यादा नेहमीची पाच टक्के धरली, तर खरा फरक एकातही नसताना सुमारे हजार जीन ‘हो’ म्हणतील. त्यातून सोयीचे पन्नास निवडून छान चित्र काढता येतं. संख्याशास्त्राचा कोअर हे होऊ देत नाही. योगायोगाची चाळणी किती बारीक करायची ते तो ठरवतो, आणि एका संचात दिसलेलं दुसऱ्या, पूर्ण वेगळ्या संचात दिसतं का हे पाहायला लावतो.

दुसरा सापळा बॅचचा. आजार उलटलेल्यांचे सगळे नमुने सोमवारी तपासले आणि बाकीचे गुरुवारी, तर दिसलेला फरक आजाराचा की वाराचा? नंतर कितीही हुशारीने हिशेब केला तरी हे सुटत नाही. नमुने यंत्रात लावायच्या आधी त्यांची सरमिसळ करावी लागते, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ त्याच्याही आधी खोलीत असावा लागतो. किती रुग्ण घ्यायचे हेही त्यालाच विचारायचं. ३० टक्क्यांना लागू पडणाऱ्या उपचाराच्या जागी ५० टक्क्यांना लागू पडणारा उपचार आला आहे, हे भरवशाने दाखवायला नेहमीच्या गृहीतकांनुसार प्रत्येक गटात नव्वदीच्या आसपास रुग्ण लागतात. वीस-वीस घेऊन सुरू केलेली चाचणी बहुधा काहीच सांगू शकणार नाही, आणि त्या चाळीस जणांनी दिलेला वेळ, सोसलेला त्रास वाया जाईल. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी, निबंध लिहिताना बोलावणाऱ्या गटांबद्दल मला म्हणूनच वाईट वाटतं. त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या रुग्णांबद्दल.

हिशेब चुकला तर काय होऊ शकतं, हे ड्यूक विद्यापीठातल्या प्रकरणाने दाखवलं. गाठीच्या जीनांवरून कुठली केमोथेरपी लागू पडेल हे सांगता येतं, असा दावा २००६मध्ये तिथल्या गटाने केला. त्यावर आधारलेल्या चाचण्यांमध्ये रुग्णांची नोंदणी झाली, त्यात स्तनाच्या कर्करोगाचे रुग्णही होते. एमडी अँडरसन केंद्रातल्या कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्राच्या दोन अभ्यासकांनी ती गणितं पुन्हा करून पाहिली. जीनांची यादी एका ओळीने सरकलेली होती, हजेरीपटावर एक ओळ सरकली की प्रत्येक मुलापुढे दुसऱ्याची हजेरी लागावी तशी. काही ठिकाणी तर औषधाला दाद देणारे आणि न देणारे ही लेबलंच उलटी लागलेली होती. त्यांनी २००९मध्ये हे तपशिलात प्रसिद्ध केलं, २०१०मध्ये चाचण्या कायमच्या थांबल्या, पुढे मूळ निबंध मागे घेतला गेला. कच्ची माहिती आणि हिशेबाची प्रत्येक पायरी जपून, दुसऱ्याला तपासता येईल अशी ठेवणं हे माहिती-कोअरचं काम का आहे, हे यानंतर कोणाला समजावून सांगावं लागू नये.

याच कोअरचं दुसरं, शांतपणे चालणारं काम म्हणजे नमुना आणि रुग्णाची पुढची हकिगत जोडलेली ठेवणं. उपचार कोणता झाला, आजार कधी उलटला, कुठे उलटला, हे केस पेपरमधून वाचून ठराविक रकान्यांत भरणारी माणसं असतात. तो नमुना वापरणाऱ्या संशोधकाला रुग्णाचं नाव दिसत नाही, फक्त एक संकेतांक दिसतो. संकेतांक कोणाचा, ही यादी संशोधनाशी संबंध नसलेल्या वेगळ्या माणसाकडे कुलूपबंद असते.

खर्च कोण करतं

अमेरिकेत १९७१च्या राष्ट्रीय कर्करोग कायद्यानंतर कर्करोग केंद्रांचं जाळं वाढलं आणि त्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून सामायिक सुविधा चालू लागल्या. १९९२मध्ये तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने स्पोअर नावाची योजना आणली. एकाच अवयवाच्या कर्करोगावर प्रयोगशाळेतले आणि रुग्ण पाहणारे लोक एकत्र काम करतील, त्यांच्या प्रकल्पांना ठरलेल्या मुदतीत माणसापर्यंत पोचावंच लागेल, आणि ऊतीसंग्रह व पॅथॉलॉजीचा कोअर असलाच पाहिजे, अशा तिच्या अटी. त्याच वर्षी अमेरिकी संरक्षण खात्याचा स्तनाच्या कर्करोगावरचा निधी सुरू झाला. तो रुग्ण-कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे उभा राहिला, आणि प्रस्ताव तपासणाऱ्या समित्यांवर आजारातून गेलेल्या व्यक्तींना वैज्ञानिकांच्या शेजारी जागा मिळाली.

तरीही हिशेब सहसा जुळत नाही. संशोधकांकडून घेतलेल्या शुल्कातून खर्चाचा एक भागच निघतो, बाकीचा संस्थेला सोसावा लागतो. नव्या यंत्रासाठी देणगी मिळते, पण ते चालवणाऱ्या माणसाच्या दहाव्या वर्षाच्या पगारासाठी देणगी कोणी देत नाही. कोअर चालवणाऱ्यांची नावं निबंधात कित्येकदा आभारातही नसतात, आणि ज्यांच्या कामाची नोंदच होत नाही ते चांगल्या संधी मिळताच निघून जातात. स्लॅमन यांच्या निबंधात क्लार्क यांचं नाव लेखक म्हणून आहे. तो शिरस्ता सगळीकडे पडायला हवा होता.

संमतीपत्र समोर आलं तर

बहुतेकांची या सगळ्याशी गाठ पडते ती शस्त्रक्रियेआधी समोर येणाऱ्या एका कागदाने. उरलेली ऊती आणि थोडं रक्त संशोधनासाठी ठेवू का, असं त्यात विचारलेलं असतं. सही करण्याआधी काही गोष्टी बिनदिक्कत विचाराव्यात. नमुना एकाच अभ्यासासाठी आहे की पुढच्या, आज न ठरलेल्या अभ्यासांसाठीही? माझा जन्मजात डीएनए वाचला जाणार का, आणि बीआरसीए-१सारखा घरातल्या इतरांना लागू होणारा दोष त्यात सापडला तर मला कळवणार का? माहिती बाहेरच्या संस्थांना, कंपन्यांना जाणार का? डीएनएची संपूर्ण माहिती तत्त्वतः कधीच पूर्ण निनावी होत नाही, म्हणून ती मोजक्या, परवानगी घेतलेल्या संशोधकांनाच पाहायला मिळेल अशी व्यवस्था आहे का, हेही विचारावं.

नाही म्हटलं तर उपचारात काहीही फरक पडता कामा नये, आणि हो म्हटल्यावरही मन बदलायचा हक्क राहतो. माघार घेतली की शिल्लक नमुना वापरणं थांबतं. आधी झालेल्या अभ्यासांत मिसळून गेलेली माहिती मात्र परत काढता येत नाही. आणखी एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा आहे : माझ्या निदानाच्या ब्लॉकमध्ये माझ्यासाठी किती उरणार? आजार काही वर्षांनी उलटला, तर नव्या औषधासाठी कदाचित त्याच ब्लॉकवर नवी तपासणी करावी लागेल. चांगला संग्रह तेवढा भाग राखून ठेवतो, आणि विचारलं तर तसं सांगतोही.